सोळा वर्षांचा साक्षीदार आणि हरवलेल्या दोन बहिणी

दोन बहिणी बेपत्ता होतात, त्यांना शेवटचं पाहणारा एक पोरगा असतो, तो सारखा जबाब बदलतो आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की तो सुरुवातीपासून थापा मारत होता. अशी रहस्यकथा मिटताना वाचकाचा हिरमोड होतो आणि तो रास्तच आहे. मुलाच्या प्रत्येक चुकीच्या वाक्यामागे लेखकाकडे कारण तयार हवं. त्याला नीट दिसलं नाही, की त्याला विचारलंच तसं, की तो भलतंच काही लपवतोय? ही तीन कारणं एकमेकांत गुंतली की कथा उभी राहते.

उदाहरण घेऊन बोलू. तालुक्याचं एसटी स्टँड, नोव्हेंबर 2016, संध्याकाळचे सव्वासात. बहिणी 19 आणि 16 वर्षांच्या. आपला साक्षीदार अकरावीतला, क्लास बुडवून स्टँडमागच्या भिंतीशी मित्राबरोबर सिगारेट ओढत होता. घरी कळलं तर वडील सोलून काढतील, म्हणून तो सांगतो, "मी रसवंतीवर होतो." एवढंच खोटं. मोठ्या मुलीला गाडीत बसवणाऱ्या माणसाचा चेहरा त्याने खरंच पाहिलाय.

आता टेप घेऊन मोजा. भिंतीपासून गाडीपर्यंत 12 मीटर, रसवंतीपासून 40. डच मानसशास्त्रज्ञ वाखेनार यांनी 1996 मध्ये एक सोपा ठोकताळा मांडला: अनोळखी चेहरा खात्रीने ओळखायला अंतर 15 मीटरच्या आत आणि उजेड 15 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर हवा. हुशार अधिकारी रसवंतीपासून अंतर मोजतो, चेहरा दिसणं शक्य नाही म्हणतो आणि मुलाला खोटारडा ठरवून बाजूला काढतो. त्याचं गणित बरोबर आहे, उभं राहण्याची जागा चुकीची आहे. जागेबद्दलच्या क्षुल्लक खोट्याने चेहऱ्याबद्दलचं खरं मारलं जातं. अविश्वसनीय साक्षीदार म्हणजे मला अभिप्रेत आहे तो हा.

उजेडाचं काम वर्ष ठरवतं. 2016 मध्ये तालुक्याच्या स्टँडवर पिवळे सोडियम दिवे असणं अगदी शक्य आहे, आणि त्या उजेडात रंगांचा भरवसा नसतो. निळी ओढणी काळपट दिसते. पांढरी, क्रीम, चंदेरी गाडी सगळी एकसारखी पिवळट. मुलगा "फिकट रंगाची" म्हणाला तर तो प्रामाणिक आहे. "पांढरी" म्हणाला तर तो शब्द कोणीतरी त्याच्या तोंडात घातलाय. हीच घटना 2022 मध्ये नेलीत आणि स्टँडवर एलईडी लावलेत, तर हा धागा तुटतो. मग दुसरा शोधावा लागेल.

शब्द तोंडात कोण घालतं? कागद. मराठी लेखकाच्या हाताशी असलेलं हे सोनं फार कमी जण वापरतात. पोलीस जबाबाची भाषा ठरलेली असते: "समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहण्यास असून शिक्षण घेतो." पोरगा म्हणालेला असतो, "काका, ती गाडी ना, रडत गेली." हवालदार लिहितो, "सदरची पांढऱ्या रंगाची चारचाकी भरधाव वेगाने निघून गेली." शेवटी "माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून तो बरोबर आहे." यात हवालदाराचा कावा काही नाही. सवयीच्या साच्यात पोराचं बोलणं ओतलं गेलं, त्यात एक शब्द हरवला आणि दोन नवे आले. तपासात पोलिसांनी घेतलेल्या या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत (तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 162, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 181). त्यामुळे सही केलेला पोलीस जबाब कथेत दाखवलात, तर वकील वाचक पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटेल. सही असते ती मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबावर, कलम 164 खाली, आताचं 183.

चौकशी कुठे होते हेही कायदाच ठरवतो. 15 वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, ते राहतात तिथे जावं लागतं. सोळाचा मुलगा ठाण्यात बसू शकतो. साक्षीदार मुलगी केलीत तर तोच प्रसंग तिच्या घरात, आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना घडेल, आणि ती आईसमोर काय लपवेल हा वेगळाच प्रश्न.

बहिणींची वयं मी मुद्दाम 19 आणि 16 घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2013 च्या आदेशानंतर अठराखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा लागतो, म्हणजे धाकटीसाठी अपहरणाचं, तेव्हाचं भादंवि कलम 363. थोरली सज्ञान, तिची फक्त मिसिंग, म्हणजे हरवल्याची नोंद, दाखल होते. एकाच घरातल्या दोन मुली, दोन वेगळे कागद, बहुधा दोन वेगळे अंमलदार. मुलाने थोरलीबद्दल सांगितलेलं धाकटीच्या फाइलमध्ये पोचायला आठवडा लागला, तर तोवर स्टँडवरचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जायच्या बेतात आलेलं असतं. डीव्हीआरमध्ये, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या यंत्रात, जागा संपली की जुन्यावर नवं चढतं. त्याचं घड्याळही अनेकदा काही मिनिटं पुढेमागे असतं. पंचनाम्यात तो फरक नोंदवायला विसरणारा अंमलदार दाखवा. चूक खरी वाटते, आणि मुलाने सांगितलेली वेळ विनाकारण खोटी पडते.

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर मेरीलँडमधलं 1975 चं प्रकरण पाहा. 25 मार्चला व्हीटन प्लाझा या बाजारपेठेतून 12 आणि 10 वर्षांच्या दोन बहिणी नाहीशा झाल्या. आठवड्याभराने 18 वर्षांचा एक तरुण आपण होऊन आला आणि टेपरेकॉर्डर घेतलेल्या माणसाची हकिकत सांगू लागला. त्या माणसाचं वर्णन आधीच गाजत होतं. पॉलिग्राफमध्ये, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्रचाचणीत, तरुण नापास झाला, खोटारडा म्हणून त्याला घरी पाठवलं आणि जबाब खोक्यात गेला. 2013 मध्ये जुन्या प्रकरणांच्या पथकाला तो कागद सापडला. मग 1977 च्या अटकेतला त्याचा फोटो आणि मूळ फाइलमधलं लांब केसांच्या मुलाचं रेखाचित्र शेजारी ठेवलं गेलं आणि दोन्ही जुळले. 2017 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, 48 वर्षांची शिक्षा झाली. मुली आजवर सापडलेल्या नाहीत. तो खोटं बोलतोय हे पोलिसांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. का बोलतोय, हा प्रश्न मागे राहिला.

प्रश्न कसा विचारला यानेही आठवण बदलते. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांच्या 1974 च्या प्रयोगात अपघाताची फिल्म दाखवून वेग विचारला. काहींना प्रश्नात गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' म्हटलं, काहींना नुसतं 'धडकल्या'. आठवड्याने फुटलेली काच पाहिली का विचारलं, तेव्हा पहिल्या गटातले 50 पैकी 16 हो म्हणाले, दुसऱ्यातले 7. फिल्ममध्ये काच नव्हतीच. म्हणून "पांढरी होती ना रे गाडी?" हा प्रश्न दुसऱ्या प्रकरणात येऊ द्या, आणि दुसरा कोणीतरी योग्य रीतीने विचारेल तो प्रसंग बराच पुढे ठेवा.

योग्य रीत फिशर आणि गाइझलमन या मानसशास्त्रज्ञांनी बांधून दिली आहे. आधी त्या जागेचा वास, थंडी, आवाज आठवायला लावायचे. मग सगळं सांगू द्यायचं, फालतू वाटलं तरी. मग उलट क्रमाने, शेवटापासून. मध्ये तोडायचं नाही. आणि त्याआधी क्लास बुडवल्याचं घरी कळणार नाही, एवढा शब्द अधिकाऱ्याने दिलेला हवा, नाहीतर पोरगा रसवंती सोडणार नाही.

"गाडी निघाली तिथून मागे ये. काय ऐकू येतंय?"

"रडतेय."

"कोण, मुलगी?"

"नाही ओ मॅडम, गाडी. कुईंऽऽ करत. हेडलाइट लावले तेव्हा जास्त."

सैल झालेला फॅनबेल्ट असाच ओरडतो. दिवे लावले की अल्टरनेटरवर ताण येतो आणि पट्टा घसरतो. भरधाव वेगाने गेलेली पांढरी चारचाकी जिल्ह्यात हजारो. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात बेल्ट बदलून घेतलेली फिकट रंगाची गाडी तालुक्यातल्या गॅरेजांच्या वह्यांत शोधता येते.