मेक्सिकन हॉट सॉस तर्रीसारखा खाऊ नका

नाशिककरांना तिखटाचं अप्रूप कसलं! म्हणून मेक्सिकन हॉट सॉसची बाटली घरात आली की पहिला शेरा ठरलेला: "एवढंच तिखट?" पण हा सॉस तर्रीच्या शर्यतीत उतरलेलाच नाही. त्यात तेल नसतं. मिरची, व्हिनेगर, पाणी, मीठ, थोडा मसाला, झालं. आंबट आणि खारट आधी लागतं, तिखट मागून येतं.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, ते वाचा. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराच्या व्हॅलेंटिना या ब्रँडच्या सॉसमध्ये पाण्यानंतर मिरचीच येते, त्यामुळे तो दाटसर आणि मिरचीच्या चवीचा. पिवळं लेबल साधं, काळं जास्त तिखट. चोलुला या दुसऱ्या ब्रँडमध्ये आर्बोल आणि पिकिन या मेक्सिकन मिरच्या असतात. टबॅस्को या नावाचं राज्य मेक्सिकोत आहे खरं, पण तो सॉस अमेरिकेतल्या लुइझियानाचा. त्यात व्हिनेगरचा जोर फार. तिखटपणा स्कोव्हिल या एककात मोजतात: आर्बोल साधारण 15,000 ते 30,000 स्कोव्हिल, तर हाबानेरो मिरची लाखाच्या पुढे. बाटलीवर हाबानेरो दिसला तर चमच्याने नाही, थेंबाने सुरुवात करा.

मिसळीत हा सॉस वाया जातो. तर्रीवर तेलाचा तवंग, वर लिंबू पिळलेलं. त्यात व्हिनेगरचा वास तेवढा नाकात जातो. सपक, पिठूळ किंवा गोडसर पदार्थ शोधा: उकडलेलं अंडं, बटाटा, तळलेला पापड. पावसाळ्यात गंगापूर धरणाकडे मिळतं तसं भाजलेलं कणीस असेल तर लिंबू-तिखटाऐवजी हा चोळून बघा. मेक्सिकोत आंबा, काकडी अशा फोडींवरही लिंबू आणि तिखट सॉस घालतात. आपल्याकडे अर्धकच्चा पेरू त्याला उत्तम: फोडीला दोन-तीन थेंब, किंचित मीठ, आणि लगेच तोंडात. पाच मिनिटं ठेवलात तर पाणी सुटतं.

घरी करायचा तर रंगाला 25 ग्रॅम ब्याडगी आणि तिखटाला 5 ग्रॅम लवंगी घ्या. ब्याडगीच्या बिया झटका. तवा मंद आचेवर ठेवून मिरच्या उलटसुलट दाबत भाजा, एका बाजूला दहा-पंधरा सेकंद पुरे. वास खमंग आला की उतरवायच्या. काळा डाग पडला की ती मिरची फेकून द्या. करपलेल्या मिरचीचा कडूपणा साखरेने जात नाही, आणि बहुतेकांचा सॉस इथेच बिघडतो. एक्झॉस्ट फॅन आधी लावा, नाहीतर ठसक्याने घर रिकामं होईल.

कढत पाण्यात वीस मिनिटं भिजवा. ते पाणी चाखा; कडसर असेल तर ओतून द्या. मग सालासकट भाजून सोललेल्या दोन लसूण पाकळ्या, 120 मिली पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी (भिजवलेलं कडसर नसेल तर तेच, नाहीतर ताजं), एक चमचा मीठ, पाव चमचा जिरे आणि ओरेगॅनोऐवजी चिमूटभर ओवा घालून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखं वाटा. ओवा चिमटीपेक्षा जास्त झाला तर सॉसला काढ्याचा वास येतो. बारीक गाळणीतून चमच्याने दाबून गाळा, कारण ब्याडगीची साल कितीही वाटली तरी दाताखाली येते. स्टीलच्या पातेल्यात पाच मिनिटं उकळा. ॲल्युमिनियम किंवा लोखंड नको, आंबटाने भांड्याची चव उतरते.

त्याच दिवशी चाखलात तर नुसतं व्हिनेगर लागेल. तीन दिवस फ्रीजमध्ये राहू द्या. फार दाट वाटला तर पाण्याऐवजी व्हिनेगर घाला. पाण्याने आंबटपणा उतरतो आणि टिकाऊपणाही. वर पाणी, खाली गाळ असं दिसलं तर तो बिघाड नव्हे. चोलुलासारख्या सॉसमध्ये ते टाळायला झँथन गम हा दाटपणा देणारा घटक असतो, घरच्याला बाटली हलवली की झालं.