गुराखी बुद्रुक, गुराखी खुर्द

स्कॉटलंडच्या ग्लेन को खोऱ्यात उतरायच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या टेबलावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ३८४ नंबरचा नकाशा अंथरला. टेबल पुरलं नाही, दोन कडा खाली लोंबत राहिल्या. प्रमाण १:२५,०००, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर. दर १० मीटर उंचीला एक केशरी कंटूर, म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा.

मी नावं वाचत बसलो. गेलिक भाषेत 'बुअखेल' म्हणजे गुराखी, 'मोर' म्हणजे थोरला, 'बेग' म्हणजे धाकटा. बुअखेल एटिव्ह मोर आणि बुअखेल एटिव्ह बेग हे शेजारी-शेजारी दोन डोंगर. आपल्याकडच्या बुद्रुक-खुर्द गावांसारखेच! दोघांच्या मधली खिंड लारिग गार्टन, धाकट्याच्या पलीकडची लारिग एल्डे, म्हणजे हरिणींची खिंड. एकीतून जायचं, दुसरीतून परतायचं असं ठरलं.

मग बोट निळ्या रेषेवरून फिरू लागलं. लारिग गार्टनच्या माथ्यावरून एक पाणी ईशान्येला जातं, दुसरं नैर्ऋत्येला. पण ईशान्येची कूपल नदी पुढे एटिव्ह नदीला मिळते, आणि एटिव्ह थोरल्या गुराख्याला वळसा घालून नैर्ऋत्येच्या ओढ्याला भेटते. अख्ख्या डोंगराभोवती पाण्याचं कडं! मोबाइलच्या चार बोटं रुंद पडद्यावर हे मला कधीच दिसलं नसतं.

१७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला गादीवर परत आणण्यासाठीच्या उठावात, ब्रिटिश सरकारी फौजेला याच मुलखाचे धड नकाशे मिळेनात, म्हणून १७४७ पासून विल्यम रॉय या मोजणीदाराने हायलँड्स, म्हणजे स्कॉटलंडचा हा डोंगराळ प्रदेश, मोजायला घेतला. ऑर्डनन्स सर्व्हे जन्मली ती पुढे, १७९१ मध्ये.

दुसऱ्या दिवशी खिंडीपर्यंत पाणी समोरून येत होतं. माथ्यावरची दलदल ओलांडली, आणि ते आमच्याबरोबर उताराला लागलं. मी तिथे उगाचच बराच वेळ थांबलो.

परतीला पाऊस. हरिणींच्या खिंडीखाली पायवाटेची काळी तुटक रेषा ओढा ओलांडते, तिथे पाणी फेसाळत होतं. नकाशा काढला. थोडं वर कंटूर विरळ होत होते, म्हणजे तिथे उतार कमी आणि ओढा पसरट असणार. तसंच निघालं. गुडघाभर पाण्यातून, एकमेकांचे हात धरून पार झालो.

रात्री ओला नकाशा हीटरवर वाळत घातला. घडीशेजारी 'कोइरे गव्हाल' ही डोंगरातली दरी दिसली. इथल्या मॅकडोनाल्ड कुळाची मंडळी पळवून आणलेली गुरं इथे लपवत, असं सांगतात. तोंडाशी कंटूर एकमेकांना चिकटलेले, आत मात्र मोकळं, सपाट मैदान. सकाळी तिकडेच निघालो.