कडेवरचं नाव

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एका गोणपाटावर नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळं यांच्यात ते पडलं होतं. चांदीचं पदक, जुन्या रुपयाहून थोडं मोठं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावर नागडा स्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. रिबन नव्हती. मी आधी कडेवरून नख फिरवलं. अक्षरं लागली, मग घासाघीस सुरू केली. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. खऱ्या पदकाच्या कडेवर ते मिळालेल्या माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. कड कोरी दिसली तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे व्हा.

घरी आणल्यावर राख, चिंच, पितांबरी यातलं काहीही लावू नका. मी कडेवर पातळ कागद गुंडाळला आणि वरून पेन्सिल घासली. चार आकडी नंबर, 'सिपॉय', एक नाव आणि '११० मऱ्हाटा एल. आय.', म्हणजे ११०वी मराठा लाइट इन्फंट्री, एवढं उमटलं. नाव इथे देत नाही. घरच्यांनी तसं सांगितलंय.

पहिली चूक माझी. पलटणीचा अभ्यास करायचा सोडून मी थेट खडकीच्या युद्धस्मशानात गेलो. जागा सुंदर, हिरवळ नीट राखलेली. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर १,८०० हून जास्त नावं आहेत. ती सगळी वाचली आणि हात हलवत परत आलो. ती हिंदुस्थानातच वारलेल्यांची आहेत, हे आधी वाचलं असतं तर एक दुपार वाचली असती.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (CWGC) ठेवतो. त्याच्या यादीत शोध मोफत घेता येतो. पण नावाने शोधू नका. गोऱ्या कारकुनाने ऐकलेलं मराठी नाव इंग्रजीत काय रूप घेईल याचा नेम नाही. पलटण आणि नंबर टाका. मला पाच मिनिटांत मिळालं: मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५, वडिलांचं नाव, गाव, खेड, रत्नागिरी. स्मारक: बसरा.

बसरा हे इराकमधलं बंदर, आपल्याकडे बसरा म्हणजे नथीतले मोती. पण १९१५ साली ११०वी मराठा पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर तिथून टायग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने चालली होती. २२ नोव्हेंबरला बगदादजवळ सलमान पाकला तुर्कांशी लढाई झाली. फौज मागे फिरली ती कूत-अल-अमाराला जाऊन वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. हा बाबा वेढ्याआधीच गेला.

बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं आहेत, गोऱ्या शिपायांचीही आहेत. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्यात मोजलेत. त्यांची नावं राहिली कागदावर. २०२१ साली आयोगाने ही असमानता अहवालात कबूल केली. हे कळल्यावर ती पेन्सिलने घासलेली पट्टी मी पुन्हा काढून बघितली. मग खेडला जायचं ठरवलं.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, तिथून महाड, पोलादपूर, कशेडी, खेड. माणगावात तहसील कचेरीजवळ यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तिथे थांबाच. १९४४ साली इटलीत मारले गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी, म्हणजे १९२२ नंतर नाव बदललेली ही ११०वीच! मुंबईकरांनी कोकण रेल्वेने खेडला उतरावं. पुढे गावात जायला एसटी, तीही दिवसातून मोजकीच. परतीची वेळ कंडक्टरला विचारूनच उतरा.

नोंदीतल्या इंग्रजी स्पेलिंगची दोन गावं निघाली. पहिल्यात ते आडनावच नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण त्या वाडीत सात घरांपैकी पाचांना कुलूप. डिसेंबर होता. कोकणात माणसं शोधायची तर गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात जा, चाकरमानी घरी असतात. मी मेमध्ये पुन्हा गेलो.

आणि आधीच सांगून टाका की जमिनीसाठी आलेलो नाही. मी शिपायाच्या वडिलांचं नाव विचारलं तेव्हा पडवीतले दादा अडकित्ता थांबवून म्हणाले, "कोणत्या सर्व्हे नंबरचं?" पोलीस पाटलांना बरोबर घेतलं, तेव्हा कुठे चहा आला. शाळेच्या भिंतीत बसवलेली शिळा त्यांनीच दाखवली. गावातून महायुद्धात किती गेले आणि किती मेले, इंग्रजीत. इथेही आकडेच.

दादा त्या शिपायाच्या भावाचे पणतू. घरात एवढंच माहीत, की एक आजोबा "बसऱ्याला बुडाले". पदक? ब्याऐंशीच्या संपात परळच्या खोलीतून मोडीत गेलं असावं, असं ते म्हणाले आणि लगेच आत बघितलं. आतून वहिनी म्हणाल्या, "देवी तेवढी ऱ्हायली."

देव्हाऱ्यात ताटलीएवढी काशाची चकती उभी होती, शंभर वर्षांच्या हळदीकुंकवाने काळी-लाल झालेली. उभी बाई, हातात हार, पुढ्यात सिंह. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवायची ती स्मृतिचकती. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं स्त्रीरूप, पण सिंहाशेजारी उभी आहे म्हटल्यावर या घरात ती दुसरी कोण असणार? नवरात्रात तिची ओटी भरतात. अशा चकतीवर हुद्दा, पलटण काही नसतं, एका चौकटीत फक्त नाव. ती चौकट कुंकवाखाली गेलेली. वहिनींनी ओल्या बोटाने थोडं पुसलं. मी वाचलं. पदकाच्या कडेवरचंच नाव.

"आमच्या धाकट्याचंच नाव की हे," त्या म्हणाल्या. कोणी का ठेवलं होतं, ते आता कोणाला आठवत नव्हतं.

पदक तिथेच ठेवलं. दादा पैसे देऊ लागले, मी सोलं आणि दोन फणस घेतले. घासाघीस करून घेतलेल्या वस्तूची किंमत त्यांना सांगताना जीभ जड झाली, हेही खरं.

काम एक उरलंय. आयोगाच्या नोंदीतलं वडिलांचं नाव आणि घरचं नाव जुळत नाही. पुरावा दिला तर आयोग दुरुस्ती करतो. जुन्या फेरफाराची नक्कल तालुक्याला मिळू शकते, पण ती मोडी लिपीत असते. वाचणारा आधी गाठा, नाहीतर माझ्यासारखे दोन हेलपाटे पडतील. आमच्या नकलेत वारस म्हणून भावाचं नाव लागलंय आणि वडिलांचं नाव घरच्यांनी सांगितलं तेच आहे. लिप्यंतर, दादांची सही आणि चकतीचा फोटो पाठवलाय. फोटो काढताना वहिनींनी कुंकू पुसू दिलं नाही, त्यामुळे अर्धंच नाव दिसतंय.