सेव्हन ब्रिजेस रोड, पाच आवाजांत: आठवडा अकरावा

काल रात्री पहिलं कडवं संपताना शेवटचा 'रोड' पाचही जणांचा एकाच क्षणी थांबला. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. फोनवरचं रेकॉर्डिंग लगेच लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि काका म्हणाले, "आता चहा टाका. आज यापुढे गायचं नाही." बरोबर होतं त्यांचं. जमलेलं कानात ठेवूनच घरी जावं.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. आम्ही पाच जण ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या पद्धतीने 'सेव्हन ब्रिजेस रोड' बसवतोय, सुरुवातीला वाद्य नाही, नुसते आवाज. सगळ्यात वरची ओळ ताईची (माझी आतेबहीण), मधल्या तीन ओळी मी, दाजी आणि माझा कॉलेजचा मित्र, आणि खर्ज काकांचा. काका चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. इंग्रजी गाणं ते पहिल्यांदाच गातायत, आणि आमच्यात सगळ्यात पक्का सूर त्यांचाच आहे.

दहाव्या आठवड्यापर्यंत गाडी एकाच ठिकाणी अडली होती. प्रत्येकाची ओळ एकट्याने म्हटली की छान, पाच एकत्र आले की गोंगाट. मी ईगल्सचं रेकॉर्डिंग निम्म्या वेगावर लावून एकेक आवाज वेगळा काढला होता, स्वर लिहून दिले होते, ते चुकलेले नव्हते. चूक वेगळीच होती. आम्ही पाचही जण आपापली ओळ हीच गाण्याची चाल आहे असं समजून गात होतो. ईगल्सच्या गायकीत आवाज इतके एकजीव आहेत की मूळ चाल कुठली हे पटकन कळतच नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात गाणं बंद ठेवलं आणि मागे मागे जात ऐकत बसलो.

ईगल्सची आवृत्ती जुलै १९८० मध्ये सांता मोनिकाच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये ध्वनिमुद्रित झाली. त्याच वर्षी 'ईगल्स लाइव्ह' या दुहेरी अल्बमवर आली आणि १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. बँडमधल्या डॉन फेल्डरने सांगून ठेवलंय की कार्यक्रमाआधी गळा तापवायला ते सगळे शॉवरच्या खोलीत जाऊन हे गाणं म्हणत, कारण तिथे घुमारा सुंदर यायचा. आणि त्याच जुलैच्या शेवटी लाँग बीचच्या कार्यक्रमात फेल्डर आणि बँडमधलाच ग्लेन फ्राय रंगमंचावरच, गाण्यांच्या मधल्या वेळात, एकमेकांना धमकावत होते. त्यानंतर १९९४ पर्यंत तो बँड एकत्र आला नाही. हे कळल्यापासून मी ते कडवं वेगळ्या कानाने ऐकतो. इतकी फाटलेली माणसं, आणि श्वास एकाच जागी घेतायत.

त्याच्या सात वर्षं आधीची, १९७३ ची आवृत्ती इयान मॅथ्यूजची, 'व्हॅली हाय' या अल्बमवरची. मॅथ्यूज इंग्लंडचा, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या लोकसंगीत-रॉक बँडमधून बाहेर पडलेला. निर्माता होता मायकेल नेस्मिथ, द मंकीज या पॉप बँडमधला. आवाजांची ती रचना या आवृत्तीत जवळपास जशीच्या तशी आधीच उभी आहे. दोन्ही लागोपाठ लावून ऐका. ईगल्सनी ती घासूनपुसून लखलखीत केली हे खरंच, पण ज्याने पहिल्यांदा हे गाणं असं ऐकू येऊ शकतं हे ओळखलं, त्याचं नाव फार कमी लोक घेतात. मला ते मनापासून खटकतं, म्हणून आमच्या वहीत पहिल्या पानावर मॅथ्यूजचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय.

आणि मग स्टीव्ह यंग. गाणं त्याचं. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तो अलाबामातल्या माँटगोमेरीत राहत होता. शहरातून बाहेर पडणारा वुडली रोड म्हणून रस्ता आहे, त्यावर पूल लागत जायचे. चांदण्या रात्री, झाडांवरून शेवाळासारखं मॉस लोंबतंय, अशा वेळी तो मित्रांबरोबर तिथे जायचा. १९६९ च्या 'रॉक सॉल्ट अँड नेल्स' या अल्बमसाठी निर्माता टॉमी लिपुमाला यंगची स्वतःची गाणी नकोच होती. एके दिवशी स्टुडिओत गाणी संपली, यंगने सहज हे वाजवायला घेतलं, जेम्स बर्टनने गिटारवर साथ धरली, आणि ते राहिलं. कंट्री रॉकमधलं एवढं लाडकं गाणं वेळ उरला म्हणून टेप झालं.

यंगचा आवाज एकटा आहे. जड, थोडा खरखरीत, ओळीच्या शेवटी खाली टेकणारा. त्याच्या तोंडी हे प्रेमगीतही वाटतं आणि निघून जाणाऱ्या माणसाचं गाणंही वाटतं. ऐकून झाल्यावर ताई म्हणाली, "अरे, म्हणजे ही चाल एका माणसाची आहे. आपण पाच जण पाच रस्त्यांनी चाललोय." त्या रात्री मी सगळ्यांना एकच काम दिलं: आपली ओळ विसरा, आठवडाभर फक्त यंगची चाल म्हणा, एकट्याने, श्वासांसकट. काल एकत्र आलो तेव्हा पहिल्याच फेरीत फरक कळला. प्रत्येकाच्या डोक्यात आता तीच एक चाल चालू होती आणि तोंडातली ओळ तिच्या कलाने जात होती.

दुसरी गोष्ट काकांनी सोडवली. हे आम्ही डी मध्ये बसवतोय, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) डी, सी, जी आणि परत डी. म्हणजे डी ला सा मानला तर गंधार शुद्ध, निषाद कोमल, सरळ खमाज थाटाचे स्वर. काकांना हे सांगितलं त्या दिवसापासून त्यांचा परकेपणा गेला. पण आम्ही सूर पेटीवरून घेत होतो आणि दाजींचा गंधार काही केल्या बसत नव्हता. काल काकांनी स्वतःच पेटीचा भाता बंद करून टाकला. "पेटीचा गंधार चढा असतो. तंबोऱ्यावर घ्या." फोनवर डी चा तंबोरा लावला. दाजींनी गंधार धरला, हळूहळू किंचित खाली आणला, आणि एका जागी तो असा चिकटला की खोलीत कोणी न गायलेला एक वरचा सूर ऐकू यायला लागला. हिशोब करून पाहिला: पेटीच्या समान अंतरांच्या पट्ट्यांवर गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो (एका सप्तकाचे १२०० सेंट), नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. एकट्या गळ्यात तो खपून जातो, पाच गळ्यांत कानाला टोचतो. वाद्याशिवाय हार्मनी करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं, सराव तंबोऱ्यावर करा.

बारीक कामं: 'ब्रिजेस' मधला शेवटचा 'स' पाच तोंडांतून पाच वेळा फुसफुसत होता. आता तो एकटी ताई म्हणते, बाकीचे चौघे स्वरावरच सोडतात. 'रोड' मधला 'ओ' आपण सरळ म्हणतो, तिकडे तो ओठ मिटत 'उ' कडे झुकतो. तो झुकाव कधी द्यायचा हे मी हाताने दाखवतो. कालची एकत्र थांबण्याची करामत बरीचशी त्या हाताचीच.

बाकीच्या आवृत्त्याही ऐकल्या. जोन बाएझने १९७० मध्ये गायलंय, रिटा कूलिजने १९७१ मध्ये, रिकोशे या कंट्री बँडने १९९९ मध्ये. मी थांबलो डॉली पार्टनपाशी. २००१ च्या 'लिटल स्पॅरो' वर तिने हे ब्लूग्रासच्या, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या, वाद्यांत घेतलंय, आणि तिथे पुन्हा एकच आवाज पुढे येतो, बाकीचे मागून आधार देतात. यंगच्या आवृत्तीची जवळची नातेवाईक मला हीच आवृत्ती वाटते. ताईला ही आवृत्ती इतकी आवडली की तिला वरच्या ओळीत दोन जागा पार्टनसारख्या घ्यायच्या आहेत. मी हो म्हटलंय, पण दुसरं कडवं बसल्यावर.

पुढचं काम अवघड आहे. बिनवाद्यांचं कडवं संपलं की गिटार येते आणि आवाज वाटेत उतरले असतील तर तिथेच उघडे पडतात. गेल्या महिन्यात आम्ही जवळजवळ अर्धी पट्टी खाली आलो होतो. गिटारची खर्जाची तार ई वरून डी ला उतरवून ठेवली आहे. रविवारी तंबोरा फक्त सुरुवातीचा सा देईल आणि बंद होईल. कडवं संपलं की मी ती तार छेडणार. तिचा सूर आणि काकांचा खर्ज जुळला, तरच दुसरं कडवं उघडायचं.