आमच्या गिल्डवरचा बॅन कसा उठला

आम्ही खेळतो त्या ऑनलाइन गेममध्ये आमचं एक गिल्ड आहे, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट. त्यातली जवळजवळ सगळी खाती एकाच रात्री बंद झाली. कारण म्हणून एक ओळ आली होती: स्वयंचलित सॉफ्टवेअरचा वापर, बंदी कायमची.

मी या गिल्डची लोहार. सोलापूरच्या पूर्वभागातली आमची मंडळी यंत्रमागावरची पाळी संपवून, अंघोळ-जेवण उरकून खेळायला बसतात. खाणीतून लोखंड काढतात आणि सगळं माझ्याकडे आणून टाकतात. मी तलवारी नि चिलखतं घडवते आणि ज्याला हवं त्याला देते. दिवसभर युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या मला रात्रीची ही भट्टी फार प्रिय आहे. म्हणून बंदीचा तो मेल वाचून मला रडू आलं.

पहिलं अपील साधं होतं. आम्ही माणसं आहोत, कुठलाही बॉट (माणसाऐवजी आपोआप खेळणारा प्रोग्राम) वापरलेला नाही, कृपया तपासा. उत्तर इतक्या झटपट आलं की ते कुणी माणसानं वाचलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. 'तपासणी झाली, निर्णय कायम.' कारण विचारलं तर सुरक्षेच्या दृष्टीनं सांगता येत नाही म्हणे. यातला अर्धा भाग मला पटतो. नेमकं काय पकडलं हे उघड केलं तर बॉट बनवणारे दुसऱ्या दिवशी तेवढंच बदलतील. म्हणूनच अनेक कंपन्या पकडलेल्यांना लगेच न काढता थांबून एकदम बॅन करतात. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला निदान कोणत्या तारखांचं कोणतं वागणं खटकलं एवढं तरी कळायला हवं. नाहीतर तो बचाव कशाचा करणार?

मग मी वाचत बसले. चोर पकडायच्या ठोकळमानानं दोन तऱ्हा. एक, खेळाडूच्या कॉम्प्युटरवर बसलेला पहारेकरी प्रोग्राम, जो मेमरी आणि फायली तपासतो. तोही चुकतो. २०१० च्या जुलैत व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या यंत्रणेनं मॉडर्न वॉरफेअर २ या गेमचे सुमारे १२,००० खेळाडू चुकून बॅन केले होते. गेम अपडेट होत असताना डिस्कवरची फाइल आणि मेमरीतली फाइल जुळली नाही, म्हणून. कंपनीनं चूक मान्य करून बंदी उठवली. २०२३ च्या ऑक्टोबरात ग्राफिक्स कार्डाच्या चिप बनवणाऱ्या एएमडीच्या ड्रायव्हरमधली (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) अँटी-लॅग प्लस ही सोय चालू ठेवणारे काउंटर-स्ट्राइक २ या गेमचे खेळाडू असेच अडकले, कारण ती सोय गेमच्या कोडमध्ये हात घालत होती. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. हे वाचून मला धीर आला. कायमची म्हटलेली बंदीही उठते.

दुसरी तऱ्हा सर्व्हरवर चालते. कोण किती वाजता येतं, किती वेळानं बटण दाबतं, कोणत्या वाटेनं फिरतं, कुणाचा माल कुणाकडे जातो. इथं मला आमचंच चित्र दिसायला लागलं. पाळी सगळ्यांची एकदम सुटते, म्हणून सगळे एकदम येतात. तीच खाण, तीच वाट. सगळा माल एका खात्याकडे, म्हणजे माझ्याकडे. गेममधलं सोनं विकणाऱ्या बॉटच्या टोळ्या अगदी अशाच चालतात.

त्यात आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपलं कनेक्शन ओळखणारा आकडा, एकच! आमच्या गल्लीत बहुतेकांकडे एकाच अण्णांचं ब्रॉडबँड आहे. अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, बाहेर जाताना सगळ्यांचा पत्ता एकच असतो." याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडतात म्हणून अनेक घरांमागे एकच सार्वजनिक पत्ता लावतात. तुमच्याकडे हे आहे का ते बघायचं असेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल तर आहे. अण्णांनी लेटरहेडवर तसं लिहून दिलं, सही-शिक्क्यासकट. त्यांचे उपकार आहेत.

तरी एवढ्यानं भागलं नसतं. खरा उपयोग झाला तो आमचाच डेटा मागवल्याचा. गेमची कंपनी युरोपातली. तिला तिथला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा पाळावाच लागतो, खेळणारा सोलापूरचा असला तरी. त्याच्या १५ व्या कलमानुसार आपली माहिती मागता येते आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर आणखी दोन महिने वाढवता येतात. मी आणि इतरांनी वेगवेगळे अर्ज केले. बॉट ओळखायची पद्धत त्यांनी दिली नाही, पण लॉगिन-लॉगआउटच्या वेळा आल्या. त्या यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होत्या. साडेपाच तास मिळवून मी सगळ्यांच्या वेळा एका शीटमध्ये शेजारी-शेजारी मांडल्या.

आणि मग ते दिसलं. काही दिवशी सगळी खाती एकाच सेकंदाला गायब, आणि नंतर एकाच मिनिटाला परत. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की कुणीतरी एका बटणावर टोळी चालवतंय. आम्हाला मात्र लगेच कळलं, लाइट गेली होती! एकाच फीडरवरची, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरची घरं. लाइट गेली की राउटर बंद, अण्णांचा गल्लीतला नेटचा डबाही बंद. लाइट आली की सगळं एकदम सुरू. माझा मावसभाऊ वीज कंपनीचे एसएमएस कधीच पुसत नाही. त्यातल्या बंदच्या वेळा शीटमधल्या वेळांशी जुळल्या, एकेक करून.

शेवटचं अपील याच शीटचं होतं. वर अण्णांचं पत्र, मग वेळांचा तक्ता, प्रत्येक वेळेसमोर एसएमएसचा फोटो आणि त्याचं भाषांतर. आमच्या व्हॉइस चॅटचे तुकडेही जोडले. त्यात सगळे वेगवेगळ्या आवाजांत तेलुगू-मराठीत भांडताहेत, एकाच्या मागून माग खडखडतोय. यंत्राऐवजी माणसानं तपासावं, अशी वेगळी विनंती केली. आमचा माल एका खात्यात का येतो हेही लिहिलं, कारण ते लपवण्यासारखं नव्हतंच.

या वेळी उत्तर यायला बरेच दिवस लागले, आणि त्याचाच मला आनंद झाला. कुणीतरी वाचत होतं. मग दोन ओळी आल्या: खाती पुन्हा सुरू केली आहेत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. माझा हातोडा, भट्टी, माल सगळं जागच्या जागी होतं.

एकाचं खातं मात्र अजून बंद आहे. तो होटगी रोडला राहायला गेलाय, त्याचा फीडर वेगळा, नेट वेगळं, त्यामुळे आमचा तक्ता त्याला लागू पडत नाही. त्याच्या डेटाचा अर्ज गेलाय. तो आला की मी आणि मावसभाऊ पुन्हा शीट घेऊन बसणार आहोत.