अठ्ठावीस घरांचा केक

लग्नाच्या केकची ऑर्डर घेताना मी चवीचं शेवटी विचारते. आधी माणसं किती, तेवढं सांगा म्हणते. वसईत आमच्या ख्रिस्ती लग्नांत या प्रश्नाचं उत्तर दर आठवड्याला बदलतं. पत्रिका घराला एक जाते, तिच्यावर ‘सहकुटुंब’ लिहिलेलं असतं, आणि कुटुंब म्हणजे दोन माणसं की नऊ, हे लग्नाच्या दिवशीच कळतं.

एका नवरीचे वडील मार्चमध्ये आले ते मोबाइलवर फोटो घेऊनच. तीन मजली केक, पांढराशुभ्र, कडेला साखरेची फुलं. लग्न ईस्टर झाल्यावर, मेमधल्या एका रविवारी.

“ताई, हुबेहूब असा पाहिजे. सहाशे माणूस आहे.”

मी वही काढली. खालचा मजला १२ इंची, मधला ९, वरचा ६. फ्रूटकेक जड आणि गोड असतो, त्याचा इंच बाय इंचाचा तुकडा माणशी पुरतो. त्या हिशेबाने १२ इंचीतून साधारण १०० तुकडे निघतात, ९ इंचीतून ६०, वरच्यातून २५. वरचा मजला पुष्कळ जण कापतच नाहीत. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला, नाहीतर पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला म्हणून राखून ठेवतात. म्हणजे हातात उरले १६०.

“एवढा उंच केक आणि एकशे साठच?” त्यांचा चेहरा पडला.

हे प्रत्येक घरात होतं. केक उंच दिसला की लोकांना वाटतं, गाव जेवेल. पण सुरी वरून खाली जाते. उंची वाढली तर तुकडा उंच होतो, तुकड्यांची संख्या तेवढीच राहते. संख्या वाढते ती रुंदीने, आणि तीही झपाट्याने: ६ इंची भांड्याच्या जागी १२ इंची घेतलं तर २५ चे थेट १०० होतात. उलट, वाढदिवसाच्या केकचा हिशेब धरून आलेले लोक दुसऱ्या टोकाला जातात. किलोला दहा माणसं धरली तर सहाशेला ६० किलो! ऐकूनच माणूस केकचा नाद सोडेल. लग्नात कुणी बशीभर केक खात नाही. टोस्टच्या वेळी, म्हणजे नवरा-नवरीच्या नावाने प्याले उंचावतात तेव्हा, वाइनच्या घोटाबरोबर एक तुकडा तोंडात टाकायचा असतो.

म्हणून मी सांगितलं, तीन मजले स्टेजवर राहू दे, बाकीचा केक आत. १२ बाय १८ इंचाचा एक स्लॅब म्हणजे २१६ तुकडे. पीठ तेच, फळं तीच, वर काजूचं मार्झिपॅन, म्हणजे काजू-साखरेचा थर, तोच, फक्त फुलं नाहीत. तीन स्लॅब घ्या, निर्धास्त राहा. त्यांनी दोन घेतले. १६० आणि ४३२, एकूण ५९२. दहातला एक माणूस तरी केक घेत नाही, कुणाला साखर, कुणाचं पोट, त्यामुळे मीही फार ताणलं नाही. मुलीचं लग्न काढलेल्या बापाच्या खिशावर केकच्या नावाने आणखी सात किलो लादायचे, हे माझ्याने होत नाही.

चूक झाली ती एप्रिलमध्ये. चव दाखवायला मी त्यांच्या घरी गेले होते. नवरीची आजी ओट्यावर बसली होती, लाल लुगडं, मांडीवर सूप. तुकडा तोंडात घोळवत तिने मुलाला विचारलं, “वाडीतल्या घरांना पाठवायचा तो यातच धरलास ना?” तो घाईत होता. “हो गं आई, होईल त्यातच,” म्हणाला. मी ते ऐकलं. वहीत लिहिलं नाही.

मेमधली आमची हवा केकवाल्यांची परीक्षा पाहते. खाडी आणि समुद्र दोन्हीकडून दमट वारा, साखरेच्या फुलांना घाम सुटतो. आयसिंग मी पहाटे चारला केलं, पंखा बंद ठेवून आणि खिडक्या लावून. फळं जानेवारीपासून रममध्ये मुरत होती: मनुका, बेदाणे, टूटीफ्रूटी, संत्र्याची साल. मी ती अगदी बारीक चिरते. मदतीला येणाऱ्या मुली कंटाळतात, पण मी ऐकत नाही. एक स्लॅब आदल्या रात्रीच कापून, तुकडा तुकडा टिश्यूत गुंडाळून ट्रेमध्ये लावला. दुसरा अख्खाच ठेवला, कारण कापलेल्या कडा सुकतात आणि मला ताजा कापलेला केकच वाटायला आवडतो. या आवडीने मला त्या दिवशी वाचवलं.

चर्चमधली मिस्सा आटोपली. ग्राउंडवर मांडव घातला होता. साडेसातला मी स्टँडवर मजले चढवले आणि मागच्या पडवीत माझं टेबल लावलं. आठच्या सुमाराला मंडपवाला मुलगा पळत आला, “आणखी चाळीस खुर्च्या टाकल्या.” आधी सहाशे होत्या. त्या भरल्या, नव्या चाळीसही भरल्या. माझ्या पोटात गोळा आला, पण दहातला एक सोडला तर ५७५ च्या आसपास जातील, ५९२ आहेत, निभावेल असं म्हणत होते, तेवढ्यात आजी आत आली. हातात दोन कापडी पिशव्या आणि वहीचं दुमडलेलं पान.

“अठ्ठावीस घरं आहेत बाय. घरटी चार तुकडे घाल.”

मी पान हातात घेतलं. नावापुढे नातीने कारण लिहिलं होतं. एकीकडे अंथरुणाला खिळलेले आजोबा. एकीकडे बाळंतीण. पाच घरांत वर्षभरातलं दुःख, त्यामुळे लग्नाला यायचं नाही. एक जण लग्नघरची गुरं सांभाळायला मागे राहिलेला. काही घरं तर ख्रिस्ती नव्हती, शेजारची, त्यांच्या गणपतीचा प्रसाद इकडे येतो.

“आजी, एवढे नाही निघणार,” मी म्हटलं.

ती रागावली नाही. बाकावर टेकली आणि म्हणाली, “जो आला तो मांडवात जेवेल. जो येऊ शकला नाही त्याला काय? त्याच्या घरी केक गेला की त्याला कळतं, आपल्याला मोजलं होतं.”

११२ तुकडे. माझ्याकडे वर उरायचे होते जेमतेम सतरा.

बाहेर टोस्टमास्टर माइकवर बोलायला लागला होता. मी अख्खा स्लॅब पुढे ओढला. १२ इंचाची बाजू इंचाइंचाला कापायची, पण १८ इंचाची पाऊण इंचावर: १८ चे २४ भाग. २४ गुणिले १२, २८८. म्हणजे ७२ तुकडे जास्तीचे. स्टीलची पट्टी केकवर आडवी ठेवून सुरीच्या टोकाने आयसिंगवर खुणा केल्या. गरम पाण्याचं पातेलं बाजूला, सुरी बुडवायची, फडक्याने कोरडी करायची, एकाच दाबात खाली न्यायची, वर न उचलता आपल्याकडे ओढून काढायची, पुन्हा पुसायची. करवतीसारखी घासली की मार्झिपॅन सुटून येतं. पहिली पट्टी आडवी केली तेव्हा श्वास धरला होता. पाऊण इंचाचा तुकडा उभा राहिला. मनुका अख्ख्या असत्या तर सुरीने त्या ओढल्या असत्या आणि तुकडा मधूनच फुटला असता. बारीक फळांचा केक विटेसारखा कापला जातो. स्पंजचा असता तर मी हा विचारच केला नसता.

टोस्ट झाला, नवरा-नवरीने खालच्या मजल्यात सुरी घातली, फोटो झाले, आणि मी दोन्ही मजले आत घेतले. गोल केक त्रिकोणी कापला तर चाळीस माणसांतच संपतो. तो आधी इंचभर रुंदीच्या सरळ पट्ट्यांत कापायचा, मग पट्टीचे तुकडे. कडेचे वाकडेतिकडे निघतात ते वाढप्या पोरांना. मुली ट्रे घेऊन फिरत होत्या आणि मी प्रत्येक परत आलेल्या ट्रेतले तुकडे बोटांनी मोजत होते.

शेवटचा ट्रे आला तेव्हा ८८ उरले होते. बावीस घरं. सहा घरं बाकी.

आजीने पान पुन्हा उलगडलं आणि कुठल्या घरावर काट मारायची ते बघू लागली. एकेका नावावर तिचं बोट थांबायचं आणि पुढे सरकायचं. मला ते बघवेना. तेवढ्यात नवरी आत आली, गाउनचा घोळ दोन्ही हातांनी धरून, आजीला फोटोसाठी शोधत. तिने पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ट्रे पाहिला.

“वरचा मजला आहे ना अजून?”

“तो तुमचा आहे,” मी म्हटलं. “राखून ठेवायचा.”

“कापा.”

“अगं, नवऱ्याला विचार तरी,” आजी म्हणाली.

“त्याला मी सांगते.” तिने स्वतः तो स्टँडवरून उतरवून आणला. मी कापत गेले आणि तिने टिश्यूत गुंडाळले, नेलपॉलिशला आयसिंग लागत होतं तरी. २५ निघाले. आजी एकेक नाव वाचायची, नवरी चार तुकडे पिशवीत ठेवायची. अठ्ठावीस घरं झाली. फोटोवाला दोनदा हाक मारून गेला.

तेव्हापासून माझ्या वहीत माणसांच्या रकान्याशेजारी घरांचा रकाना आहे, आणि तो मी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून भरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँड न्यायला गेले. तो धुऊन, पुसून ओट्यावर उन्हात ठेवलेला होता. आजी आतून आली आणि टिश्यूची एक पुडी माझ्या हातावर ठेवली.

“काल एक उरला होता. इतका कापलास, तोंडात टाकताना काही दिसली नाहीस.”

मी तिथेच ओट्यावर बसून खाल्ला. रात्रभर बाहेर राहून वरचं आयसिंग थोडं मऊ झालं होतं. आजी समोर बसून एकेका घराचं सांगत होती, कुणी काय म्हटलं ते.