झेडरॅममध्ये नवा अल्गोरिदम घालताना १६ केबीनी खाल्लेले नऊ दिवस

केकॉन्फिग आणि मेकफाइल या लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बिल्ड-फाइल्समध्ये ओळी टाकणं, मॉड्युल बिल्ड करणं, हे सगळं एका दुपारी उरकलं. नऊ दिवस गेले ते फक्त १६ केबीपायी.

आमच्या आर्म६४ बोर्डावर रॅम कमी, म्हणून स्वॅपला, म्हणजे वापरात नसलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) बाजूला काढायला, झेडरॅम: तो ती दाबून रॅममध्येच ठेवतो. त्यात आम्हीच लिहिलेला, एलझेड४च्या घराण्यातला काँप्रेशन अल्गोरिदम बसवायचा होता. लिनक्स कर्नलमध्ये एलझेड४ २०१३ साली ३.११ मध्ये आला, झेडस्टँडर्ड २०१७ साली ४.१४ मध्ये. म्हटलं, वाट मळलेली आहे. लॅपटॉपवर कोड झकास चालला. बोर्डावर पहिलंच पान काँप्रेस करायला गेलो आणि सिरियल कन्सोलवर 'इन्सफिशिअंट स्टॅक स्पेस', म्हणजे स्टॅक (फंक्शनची तात्पुरती कामाची जागा) अपुरा. पुढे शुकशुकाट.

मी केबल बदलली, कंपायलर बदलला. कर्वेनगरात घरून काम करत होतो, तर गुरुवारी वीज गेली आणि बिल्ड अर्ध्यावर मेला. चौथ्या दिवशी सीनियर मॅडमनी स्क्रीनकडे एकदाच पाहिलं. "वॉर्निंग वाचलीस का रे?"

वाचली नव्हती. फ्रेम (एका फंक्शनने स्टॅकवर अडवलेली जागा) २०४८ बाइटपेक्षा मोठी आहे, असं कंपायलर दर बिल्डला सांगत होता आणि मी ते वर सरकवत होतो. माझं हॅश टेबल (आधी येऊन गेलेला डेटा पटकन शोधायचा तक्ता) स्टॅकवरच होतं, म्हणजे ४०९६ खाने, प्रत्येकी ४ बाइट, एकूण १६,३८४. कर्नलमध्ये माझ्या थ्रेडचा अख्खा स्टॅक तेवढाच! लॅपटॉपवर प्रोग्रॅमला ८ एमबी मिळतो, तिथे कशाला कळेल?

मग टेबल केमॅलॉकने, म्हणजे ऐनवेळी कर्नलकडे मेमरी मागून, घेतलं. चाललं. खुशीत सगळ्यांना अमृततुल्यचा चहा पाजला. संध्याकाळी मेमरी ठासून भरायची टेस्ट लावली, तर 'काँप्रेशन फेल्ड', एरर उणे १२. म्हणजे मेमरी नाही. आता नसणारच की! मेमरी संपत आली म्हणूनच कर्नल पान बाहेर काढतोय, आणि माझं फंक्शन त्याच क्षणी त्याच्याकडे आणखी १६ केबी मागतंय. दुष्काळात पाहुणा जेवायला. हे उमगायला उरलेले पाच दिवस गेले, कारण रिकाम्या बोर्डावर ते कधी दिसतच नव्हतं.

उपाय चार ओळींचा: जागा इनिटमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या तयारीतच, घेऊन ठेवायची. झेडरॅम प्रत्येक सीपीयूसाठी वेगळं इनिट करतो, त्यामुळे दोन कोअर एकमेकांच्या टेबलात हात घालत नाहीत.

हो, आणि झेडरॅमच्या सेटिंगमध्ये अल्गोरिदमचं नाव डिस्कसाइझच्या (आकाराच्या) आधी लिहायचं, नंतर ते घेत नाही. आमचा कर्नल ६.६, म्हणून कर्नलच्या सामाईक क्रिप्टो एपीआयमधून गेलो; ६.१२ पासून झेडरॅमचे बॅकएंड (काँप्रेशनचा कोड) झेडरॅमच्याच फोल्डरमध्ये असतात, तिथे माझा पॅच जसाच्या तसा लागणार नाही. न दबणारा डेटाही देऊन बघा, आउटपुट मूळ पानापेक्षा मोठं निघतं.

शेवटी कॉम्प-अल्गोरिदमच्या फाइलमध्ये आमचं नाव चौकटी कंसात, म्हणजे निवडलेलं, दिसलं. मी फोटो काढला. मॅडमनी विचारलं, "वॉर्निंग शून्य ना आता?"

एक होती. पण ती माझ्या फाइलमधली नव्हती.